हसवणारी पुस्तकं पुरावा म्हणून वाचायची कशी? अ‍ॅगाथाबाईंच्या उत्खननाची गोष्ट



मागच्या लेखानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. पेटचा अभ्यास, कोर्सवर्क, सिनॉप्सिस या सगळ्यात मजेसाठी वाचायला वेळ मिळतो का, आणि वाचलंच तर मनाला टोचणी लागते त्याचं काय करायचं?

टोचणी मलाही लागायची. पुरातत्त्वाचा इतिहास हा माझा विषय. म्हणजे जुनी गावं कुणी, कशी, कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या घामाने खणली याचा इतिहास. पहिल्या वर्षी सल्लागार समितीपुढे सादरीकरण होतं. साधनांच्या यादीत मी उत्खननाचे अहवाल टाकले, पत्रव्यवहार टाकला आणि शेवटी भीतभीत अ‍ॅगाथा ख्रिस्तीची दोन पुस्तकं टाकली. समितीतल्या एका सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे प्रवासात वाचायला ठीक आहे हो." सगळे हसले. मीही हसले. पण त्यावर काय उत्तर द्यायचं ते मला तेव्हा सुचलं नव्हतं.

ते उत्तर आज देते. तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. तुमच्या यादीत कदाचित एखाद्या नटीच्या गमतीदार आठवणी असतील, एखाद्या क्रिकेटपटूचं खुसखुशीत आत्मचरित्र असेल किंवा रहस्यकथांचा गठ्ठा असेल. 'आवडतं म्हणून घेतलं' एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही. आणि 'हलकंफुलकं आहे म्हणून सोडून दिलं' हे तर त्याहून वाईट.

आधी गोष्ट समजून घेऊ

अ‍ॅगाथा ख्रिस्ती पहिल्यांदा इराकातल्या ऊर इथे गेली ती १९२८ साली. लिओनार्ड वूली १९२२ पासून तिथे उत्खनन करत होते. त्यांच्या पत्नी कॅथरीन वूली यांना अ‍ॅगाथाबाईंची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही कादंबरी भारी आवडली होती, त्यामुळे पाहुणचार जोरात झाला. १९३० साली त्या पुन्हा गेल्या. त्यांना आसपासचा मुलूख दाखवायचं काम कॅथरीनबाईंनी एका तरुण सहाय्यकावर सोपवलं. त्याचं नाव मॅक्स मॅलोवन. त्याच वर्षी सप्टेंबरात दोघांचं लग्न झालं. मॅक्स अ‍ॅगाथाबाईंपेक्षा जवळजवळ चौदा वर्षांनी लहान होता.

पुढे मॅक्सने स्वतःची उत्खननं सुरू केली. १९३३ मध्ये इराकात अर्पाचिया. मग पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावरून इराकात वातावरण तापलं, तेव्हा तो शेजारच्या सीरियात गेला. सीरियावर त्या काळी फ्रेंचांचा ताबा होता. तिथे खाबूर नदीच्या खोऱ्यात १९३५ पासून चागर बाजार आणि १९३७ पासून टेल ब्राक अशी दोन मोठी कामं झाली. या सगळ्या काळात अ‍ॅगाथाबाई बरोबर असायच्या. सापडलेल्या वस्तू साफ करायच्या, फोटो काढायचे, यादी करायची, स्वयंपाक्याला नवे पदार्थ शिकवायचे आणि उरलेल्या वेळात खून करायचे. म्हणजे कागदावर.

या अनुभवातून दोन पुस्तकं निघाली, ती आपल्या कामाची आहेत.

पहिलं, 'मर्डर इन मेसोपोटेमिया', १९३६. उत्खननाच्या मुक्कामी प्रमुखाच्या बायकोचा खून होतो आणि सीरियातून बगदादकडे निघालेला पॉयरो तिथे येऊन टपकतो. सगळी गोष्ट सांगते एमी लेदरन नावाची इंग्लिश नर्स. ही बाई भलतीच मजेशीर आहे. तिची मतं ठाम, परक्या लोकांबद्दल नाक मुरडणं कायमचं, आणि आपण किती समंजस आहोत याची तिला पक्की खात्री. (खुनी कोण ते सांगत नाही. निर्धास्त राहा.)

दुसरं, 'कम, टेल मी हाऊ यू लिव्ह', १९४६. ही सीरियातल्या दिवसांची विनोदी आठवणवही. नावातच कोटी आहे. इंग्रजीत 'टेल' म्हणजे सांग, आणि अरबीत 'टेल' म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. आपल्या खेड्यांत जुन्या वस्तीच्या मातीला 'पांढर' म्हणतात ना, तिचंच टेकाड म्हणा. सामान भरताना होणारी फजिती, घरातले उंदीर, आगगाडीतले घोळ, अबोल राहणारा वास्तुविशारद, दर गोष्टीत काटकसरीचा मंत्र जपणारा ड्रायव्हर अशा वर्णनांनी पुस्तक भरलेलं आहे. खूप ठिकाणी मी मोठ्याने हसले.

आता प्रश्न असा, की याला पुरावा म्हणायचं का?

पहिली पायरी : कधी लिहिलं ते बघा

आठवणी १९३० च्या दशकातल्या, पण अ‍ॅगाथाबाईंनी पुस्तक पुरं केलं ते १९४४ च्या वसंतात. महायुद्ध चालू होतं. मॅक्स उत्तर आफ्रिकेत नोकरीवर, आणि त्या लंडनमध्ये एकट्या. परत कधी एकत्र राहायला मिळेल, सीरिया पुन्हा दिसेल की नाही, कशाचाच भरवसा नव्हता.

हे कळल्यावर पुस्तकातलं ऊन वेगळं दिसायला लागतं. तिथे सगळं सोनेरी आहे ते सीरिया सोनेरी होता म्हणूनच असं नाही. लिहिणारी बाई अंधारात बसली होती, हेही कारण आहे. प्रसंगाचं साल आणि लेखनाचं साल यांच्यातलं अंतर ही आठवणींच्या पुस्तकाची पहिली नोंद. वहीत ही दोन सालं शेजारी शेजारी लिहायची सवय लावून घ्या. निम्मं टीकाशास्त्र तिथेच होतं.

एक योगायोग सांगते. मार्क ब्लॉक हा फ्रेंच इतिहासकार याच काळात इतिहासाच्या पद्धतीवर एक पुस्तक लिहीत होता. ते अपुरंच राहिलं, कारण नाझींविरुद्धच्या भूमिगत लढ्यात तो पकडला गेला आणि १६ जून १९४४ रोजी त्याला गोळ्या घातल्या. पुस्तक १९४९ मध्ये निघालं. त्यातला एक विचार प्रत्येक संशोधकाने गाठीला बांधावा असा आहे. काही साधनं आपल्याला मुद्दाम काही सांगायला बसलेली असतात, आणि काही साधनं नकळत साक्ष देतात. इतिहासकाराला या दुसऱ्या प्रकारच्या साक्षीवर जास्त विसंबता येतं, कारण तिथे आपल्याला पटवण्याचा खटाटोप नसतो.

अ‍ॅगाथाबाई आपल्याला हसवायला बसल्या आहेत. हसवण्याच्या नादात ज्या गोष्टी त्या सहज बोलून जातात, त्या आपल्या.

दुसरी पायरी : नकळत काय सांगितलं ते वेचा

चागर बाजारच्या उत्खननाचे अहवाल मॅक्सने 'इराक' या संशोधन-पत्रिकेत छापले. अहवालाचं काम असतं थर, भांडी, कबरी आणि नकाशे मांडण्याचं, आणि ते त्याने चोख केलं. पण सकाळी टेकाडावर कोण कोण यायचं? पगार कसा व्हायचा? भांडणं कशावरून व्हायची? आजारी पडल्यावर लोक कुणाकडे जायचे? हे विचारायचं असेल तर विनोदी पुस्तकाकडे जावं लागतं.

कामाची रचना बघा. कुदळ मारणारा एक, माती ओढणारा एक, आणि पाट्या वाहणारी पोरं. अशी टोळी. त्यांच्यावर मुकादम हमूदी. हा जुना जाणता माणूस, वूलींबरोबर कार्केमिशपासून काम केलेला. मजुरांत अरब होते, कुर्द होते, यझीदी होते, आर्मेनियन होते. अ‍ॅगाथाबाईंकडे औषधांची पेटी होती, म्हणून आसपासच्या बायका दुखणी घेऊन त्यांच्याकडे यायच्या. त्या पाण्यात सोडा किंवा अ‍ॅस्पिरिन देऊन वेळ निभावायच्या, आणि हे सगळं त्या स्वतःचीच चेष्टा करत सांगतात.

आता मुद्द्याचा शब्द : बक्षीस. हो, आपलाच शब्द, फारसीतून तिकडेही गेलेला. मजुराला रोजचा पगार मिळायचा, आणि त्याशिवाय एखादी वस्तू सापडली की तिच्या मोलाप्रमाणे वर बक्षीस. हिशेब सरळ होता. बक्षीस दिलं नाही तर मजूर ती वस्तू खिशात घालून व्यापाऱ्याला विकेल. म्हणून व्यापारी देईल साधारण तेवढं आपणच द्यायचं.

पुस्तकात यावरचे गमतीचे प्रसंग पुष्कळ आहेत. कुणी मणी आणून पुढे ठेवतो, कुणाचं नशीब फळफळतं, कुणी रुसतो. पण मध्येच एक प्रसंग येतो. जेवणाच्या सुट्टीत काही मजूर दुसऱ्यांच्या चांगल्या जागेत गुपचूप खणायला जातात, बक्षिसाच्या आशेने. घाईत खालून पोखरतात. वरची माती कोसळते. माणसं मरतात.

हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटलं होतं. दहा पानं मागे बक्षिसावर मी हसत होते. तीच पद्धत आता माणसं गाडत होती. अ‍ॅगाथाबाई त्यावर थोडं थांबतात, मजुरांना मृत्यूचं फारसं काही वाटत नाही असं नवल करतात आणि पुढे जातात. आपण पुढे जायचं नाही. आपण विचारायचं : ही पद्धत कुणी ठरवली? त्यात जोखीम कुणाची आणि संग्रह कुणाचा? सापडलेल्या वस्तूंची वाटणी व्हायची, एक वाटा पुरातत्त्व खात्याचा आणि एक उत्खनन करणाऱ्यांचा. चागर बाजारच्या वस्तू आज ब्रिटिश म्युझियममध्येही आहेत. त्या कपाटासमोर उभं राहिलं तर बक्षिसाची ही गोष्ट तिथल्या पाटीवर शोधून बघा.

सरांना द्यायचं उत्तर मला इथे सापडलं. हे पुस्तक प्रवासात वाचायला ठीक आहेच. पण उत्खननाचं अर्थकारण रोजच्या पातळीवर कसं चालायचं, हे मला ज्या साधनात दिसलं ते हेच होतं.

तिसरी पायरी : सुराचं वजन करा

आता त्या पुस्तकातला सगळ्यात जड भाग सांगते. एका मोसमात त्यांच्याकडे आरिस्तीद नावाचा आर्मेनियन ड्रायव्हर होता. हसतमुख, कामाला चोख. बोलता बोलता तो आपलं लहानपण सांगतो. तो सात वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला इतर आर्मेनियन कुटुंबांबरोबर खड्ड्यात ढकललं, वरून डांबर ओतलं आणि पेटवून दिलं. आईवडील, भावंडं गेली. हा सगळ्यांच्या खाली होता म्हणून वाचला. नंतर अनाइझा टोळीच्या अरबांना तो सापडला आणि त्यांनी त्याला वाढवलं.

इतकंच. काही ओळी, आणि मग प्रवास पुढे सुरू.

१९१५ पासून ऑटोमन तुर्कस्तानातून आर्मेनियन लोकांना हाकलून सीरियाच्या वाळवंटात आणलं गेलं. रास अल-ऐन आणि देर अझ-झोर ही नावं त्या संहाराच्या इतिहासात कायमची कोरलेली आहेत, आणि ती याच मुलुखातली. म्हणजे मॅक्सची गाडी ज्या रस्त्यांवरून टेकाडं शोधत हिंडत होती, त्या मातीत पाच हजार वर्षांपूर्वीची भांडी होती, तशी वीस वर्षांपूर्वीची माणसंही होती. अ‍ॅगाथाबाई खरेदीला, बँकेला जायच्या ते कामिश्ली गावच मुळी १९२० च्या दशकात वसलं, आणि त्यात निर्वासितांचा मोठा वाटा होता.

या प्रसंगाचा उपयोग कसा करायचा? दोन चुका टाळा. पहिली चूक म्हणजे, 'विनोदी पुस्तकात आहे, म्हणून भरवसा नको' असं म्हणून सोडून देणं. दुसरी चूक म्हणजे, 'एका माणसाने सांगितलं, म्हणजे असंच घडलं' असं धरून मोजकी वाक्यं तशीच्या तशी उचलणं. ही ऐकीव साक्ष आहे. आरिस्तीदने सांगितली, अ‍ॅगाथाबाईंनी ऐकली, काही वर्षांनी लिहिली. वाचलेल्या इतर आर्मेनियन लोकांच्या जबान्यांशेजारी ठेवून ती वाचायची. पण एक गोष्ट तिच्यातून नक्की कळते. या घटनेनंतर वीस वर्षांनी तिथला एक ड्रायव्हर ही गोष्ट परक्या प्रवाशांना सांगत होता, आणि ऐकणारे ती ऐकून पुढच्या टेकाडाकडे जात होते.

सूर हलका आहे म्हणून लेखिका निष्ठुर होती, असा निकाल मी देणार नाही. आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवा. तिथेही आपण हसतो आणि हसता हसता लक्षात येतं की घरात खायला नव्हतं. कधी कधी विनोद हा सांगण्याचा एकच रस्ता उरलेला असतो. फरक एवढाच बघायचा : बाई स्वतःवर हसते आहे की दुसऱ्यावर? लक्ष्मीबाई हसतात ते बहुतेक स्वतःवर आणि घरच्यांवर. अ‍ॅगाथाबाई दोन्ही करतात. सामान भरताना त्या स्वतःवर हसतात, पण नोकर आणि मजुरांवर हसताना ते लोक वरचेवर 'एक नमुना' होऊन जातात. हे मोजता येतं. एक प्रकरण घ्या, हसण्याच्या जागा खुणा करा आणि दर खुणेपुढे लिहा, कुणावर हसलो. पानभर यादी झाली की वसाहतीच्या काळातली नजर म्हणजे काय, हे कुठल्याही सिद्धान्ताच्या पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

चौथी पायरी : कुणाची बाजू राहिली?

आता कादंबरीकडे वळू. 'मर्डर इन मेसोपोटेमिया'मध्ये जिचा खून होतो ती लुईझ लाइडनर सुंदर, हुशार, लहरी आणि सगळ्यांना बोटांवर नाचवणारी. ही कॅथरीन वूलीवरून उचललेली आहे, हे त्या वर्तुळात सगळ्यांना कळलं होतं. मॅक्सने १९७७ सालच्या आपल्या आठवणींत हे लिहिलंय. कॅथरीनला त्यात आपलं काही दिसलं नाही आणि ती रागावली नाही, असंही तो म्हणतो. लग्न झाल्यावर कॅथरीनबाईंनी अ‍ॅगाथाबाईंना ऊरच्या मुक्कामी राहू दिलं नव्हतं, म्हणून मॅक्सला एक मोसम एकट्याने काढावा लागला, हेही लक्षात ठेवा. कादंबरीत हिशेब चुकता झाला असं म्हणायला वाव आहे.

आज कॅथरीन वूलीबद्दल विचारलं तर बहुतेकांना एवढंच माहीत असतं : 'ती अवघड बाई, जिला अ‍ॅगाथा ख्रिस्तीने मारलं.' पण ती ऊरच्या कामातली मोलाची माणूस होती. वस्तूंची चित्रं काढायची, खणायची. ऊरच्या राजघराण्याच्या कबरीत सापडलेला पुआबी राणीचा सोन्याचा शिरपेच मांडण्यासाठी जो चेहरा घडवला, तो तिने घडवला. १९२९ मध्ये तिने स्वतः 'अ‍ॅडव्हेंचर कॉल्स' नावाची कादंबरीही लिहिली होती. १९४५ मध्ये ती गेली. तिच्याबद्दल लिहिलं ते दुसऱ्यांनी, आणि त्यांची पुस्तकं जास्त खपली.

मजेशीर पुस्तकांची ताकद अशी असते. अहवाल शंभर जण वाचतात, रहस्यकथा लाखो. एखाद्या माणसाची प्रतिमा त्यातून एकदा बसली की हलत नाही. म्हणून खुसखुशीत आठवणींत जो माणूस सगळ्यात जास्त हास्यास्पद दिसतो, त्याची कागदपत्रं आधी शोधायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय.

आणि मौनही वाचायचं. अ‍ॅगाथाबाईंचं आत्मचरित्र १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. चांगलं जाडजूड आहे. डिसेंबर १९२६ मध्ये त्या अकरा दिवस बेपत्ता होत्या आणि सारं इंग्लंड त्यांना शोधत होतं, त्याबद्दल त्यात चकार शब्द नाही. इतकं मोकळेपणाने बोलणारी बाई कुठे गप्प बसते हे कळलं, की तिच्या मोकळेपणाची हद्दही कळते.

तर तुम्ही काय करायचं?

तुमच्या आवडीचं एक हलकंफुलकं पुस्तक घ्या. आधी सरळ मजेत वाचा, पेन्सिल न घेता. हे मी गंभीरपणे सांगतेय. कुठे हसू आलं हे कळल्याशिवाय पुस्तक काय करतंय ते कळत नाही. मग दुसऱ्यांदा वाचताना वहीत चार रकाने करा : कधी घडलं आणि कधी लिहिलं, सहज सांगितलेला तपशील, कुणावर हसलो, कोण गप्प आहे. शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामा राहतो. राहू द्या. तो भरायला दुसरी साधनं लागतात, आणि तिथूनच तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होतो.

माझा प्रश्न असाच सुरू झाला. सीरियातला मुकादम हमूदी निदान एका विनोदी पुस्तकात तरी नावानिशी जिवंत आहे. आपल्याकडे नेवासा, जोर्वे, इनामगाव इथे पांढरीच्या टेकाडांवर ज्यांनी घमेली उचलली, त्यांची आठवण कुठे आहे? ह. धी. सांकलिया यांचं 'बॉर्न फॉर आर्किऑलॉजी' हे आत्मचरित्र १९७८ चं. सध्या ते माझ्या टेबलावर आहे आणि चौथा रकाना उघडा आहे. गावांत जाऊन जुन्या मजुरांशी बोलायला सुरुवात केलीय. बरेचसे आता थकलेत, त्यामुळे घाई आहे.

पुढच्या सादरीकरणात ती दोन पुस्तकं यादीत शेवटी नव्हती, मध्यावर होती. चष्मेवाल्या सरांनी या वेळी एकच विचारलं : "ते माती कोसळल्याचं कुठल्या पानावर आहे?"

पान मी सांगितलं. सरांनी लिहून घेतलं.